शाळेत आलेले पाहुणे



समजा, उद्या प्रार्थना संपल्यावर तुमच्या मुख्याध्यापकांनी जाहीर केले, "येत्या शनिवारी ज्याने त्याने आपला पाळीव प्राणी शाळेत आणावा." मग त्या शनिवारी काय होईल?

डोळ्यांसमोर आणा. आठवी 'ब' चा वर्ग. पहिल्या बाकावर एक पांढरी मांजर पिशवीतून तोंड बाहेर काढून बसली आहे. भिंतीच्या खुंटीला शेळीचे करडू बांधले आहे. शेवटच्या बाकाखाली दोन कोंबड्या आहेत, दोन वेगवेगळ्या घरांतून आलेल्या. दाराशी काळा कुत्रा जीभ बाहेर काढून धापा टाकतो आहे, आणि टेबलावर पिंजऱ्यात पोपट आहे. बाई हजेरी घेऊ लागतात. "क्रमांक एक!" "हजर, बाई!" पोपट ओरडतो. "क्रमांक दोन!" "हजर, बाई!" त्या दिवशी गैरहजर असलेली सगळी मुले पटावर हजर ठरतात. एवढ्यात मांजर उडी मारून कपाटाच्या माथ्यावर जाते. कोंबड्यांची जुंपते. कुत्रा भुंकू लागतो. बाई त्याला गप्प करून वळून पाहतात, तो करडाने भिंतीवरचा भारताचा नकाशा खालच्या टोकापासून खायला घेतलेला असतो आणि केरळ, तमिळनाडू संपून स्वारी कर्नाटकापर्यंत पोचलेली असते!

प्राणी शाळेत आणल्यावर उडणाऱ्या अशा गोंधळावर इंग्रजीत लहान मुलांसाठी विनोदी गोष्टींची पुस्तके निघाली आहेत. ती वाचताना हसून पुरेवाट होते. प्राणी आपापल्या घरी गेले, वर्ग झाडून झाला, की गोष्ट संपते. पण आपल्यासारख्या विज्ञानाच्या विद्यार्थ्याने तिथेच थांबून काही प्रश्न विचारायला हवेत. मांजर दाराबाहेर न पळता कपाटावरच का गेली? कोंबड्या एकमेकींवरच का तुटून पडल्या? करडाने नकाशाच का खाल्ला? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, आपण हसत होतो तेव्हा त्या प्राण्यांचे काय चालले होते?

मेरीचे कोकरू आणि बकलंडचे अस्वल

प्राणी शाळेत जाण्याच्या सगळ्याच गोष्टी कल्पनेतल्या नाहीत. मेरी आणि तिच्या कोकराचे इंग्रजी बालगीत तुम्ही लहानपणी म्हटले असेल. सारा जोसेफा हेल या अमेरिकन लेखिकेने ते १८३० साली प्रसिद्ध केले. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्टर्लिंग गावच्या मेरी सॉयर या बाईंनी उतारवयात सांगितले, की ती मेरी म्हणजे आपणच. आईने दूर लोटलेले एक मरतुकडे कोकरू त्यांनी हातावर दूध पाजून जगवले होते. एके दिवशी ते त्यांच्याबरोबर शाळेत आले, वर्गात हशा पिकला आणि बाईंनी कोकराला बाहेर काढले. या गीताचा विज्ञानाच्या इतिहासाशीही संबंध आहे. एडिसनने १८७७ साली आपले ध्वनिलेखन यंत्र तपासून पाहिले, तेव्हा त्यात बोलायला त्याने याच गीताच्या ओळी निवडल्या होत्या.

आता कोकरू मेरीच्या मागे का आले? ते तिच्यावर प्रेम करीत होते, हे उत्तर चूक नाही. पण अपुरे आहे. मेंढी आणि तिचे कोकरू जन्मानंतरच्या पहिल्या काही तासांत वासाने आणि आवाजाने एकमेकांना ओळखायला शिकतात. मग कळपात शेकडो मेंढ्या असल्या तरी कोकरू आपल्याच आईमागे जाते. आई नसेल तर ही जागा दूध पाजणारे माणूस घेते. कोंराड लॉरेंझ या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने हंसाच्या पिल्लांवर याच प्रकारचा अभ्यास केला. अंड्यातून बाहेर पडताच ज्या पिल्लांना प्रथम लॉरेंझ दिसले, ती पिल्ले त्यांनाच आई समजून रांगेने त्यांच्या मागे चालू लागली. प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासाबद्दल लॉरेंझ यांना १९७३ साली आणखी दोघांबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे मेरीचे कोकरू शाळा पाहायला आले नव्हते. ते आईमागे आले होते. शाळेच्या दारात त्याची आई त्याच्यापासून तोडली गेली.

कोकराचे सोडा, अस्वलेसुद्धा विद्यालयात गेली आहेत! इंग्रज कवी बायरन याने १८०७ साली केंब्रिज विद्यापीठात शिकत असताना एक माणसाळलेले अस्वल पाळले होते. त्याचे काय करणार, असे कोणी विचारले तर तो थट्टेने सांगे, की ते अधिछात्रवृत्तीच्या परीक्षेला बसणार आहे. पुढे चाळीस वर्षांनी, १८४७ साली, ऑक्सफर्डला फ्रँक बकलंड नावाच्या विद्यार्थ्याने आपल्या अस्वलाच्या पिल्लाला विद्यार्थ्याचा झगा आणि टोपी घालून शास्त्रज्ञांच्या संमेलनात नेले. एका प्राचीन ॲसिरियन राजावरून त्याने त्याचे नाव ठेवले होते टिगलाथ पिलेसर! अखेर कॉलेजच्या प्रमुखांनी हे अस्वल कॉलेजातून घालवले. त्याची शेवटची रवानगी लंडनच्या प्राणिसंग्रहालयात झाली.

बकलंडला प्राण्यांचे खरेच वेड होते. पुढे तो इंग्लंडमध्ये माशांच्या संवर्धनाचा सरकारी निरीक्षक झाला. पण अस्वलाला झगा घातला, त्यातून अस्वलाविषयी कोणाला काय कळले? काहीच नाही. अस्वल काय खाते, किती हिंडते, कशाला भिते, यांतले काहीही त्या झग्यामुळे दिसले नाही.

वर्ग, पण मांजराच्या नजरेने

आता आपल्या आठवी 'ब' कडे परत येऊ आणि तोच वर्ग प्राण्यांच्या डोळ्यांनी, कानांनी, नाकाने पाहू.

मांजर घरात फिरताना गाल आणि अंग दाराला, खुर्चीला, तुमच्या पायांना घासते, हे तुम्ही पाहिले आहे. तिच्या गालांवर आणि शेपटीच्या बुडाशी गंधग्रंथी असतात. घासल्याने त्यांचा वास वस्तूंना लागतो. आपल्याला तो कळतही नाही, पण मांजरीला घराच्या कानाकोपऱ्यातून तो सांगत असतो, "ही तुझी जागा आहे." वर्गात असा एकही ओळखीचा वास नाही. उलट चाळीस अनोळखी माणसे आणि एक कुत्रा यांचे वास आहेत. अशा वेळी मांजर उंच जागा गाठते, कारण तिथे मागून कोणी येऊ शकत नाही आणि खालचे सगळे दिसते. कपाटावर बसलेली मांजर ऐटीत बसलेली नसते. ती घाबरलेली असते.

कानांचेही तसेच. आपल्याला सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. कुत्र्याला सुमारे ४५,००० पर्यंत ऐकू येतो, आणि मांजरीला ६०,००० च्याही पुढे. फरशीवर बाक सरकवल्याचा कर्कश आवाज आपल्याला नकोसा होतो. त्या आवाजातला जो भाग आपल्या कानांपर्यंत पोचतच नाही, तोही या दोघांना ऐकू येत असतो. कुत्र्याला आणखी एक अडचण असते. आपल्याला सर्वांगाला घाम येतो, त्याला तो मुख्यतः पंजांच्या तळव्यांनाच येतो. अंगातली उष्णता तो धापा टाकून, जिभेवरचे आणि श्वासमार्गातले पाणी वाफ होऊ देऊन बाहेर टाकतो. म्हणून दाराशी बसलेला कुत्रा 'हसत' नव्हता. त्याला उकडत होते, किंवा तो अस्वस्थ होता. कदाचित दोन्ही. त्याला पाण्याचे भांडे कोणी ठेवले होते का?

करडाने नकाशा खाल्ला यात त्याचा काही दोष नाही. शेळीला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. तिथे एक टणक गादी असते. पण तिचा वरचा ओठ फार चपळ असतो. गाय खाली मान घालून गवत चरते, तर शेळी मान वर करून पाने, शेंगा, कोवळे शेंडे ओठाने चाचपून ओरबाडते. नवी वस्तू दिसली की आपण ती हातात घेऊन बघतो. शेळीला हात नाहीत, तेव्हा ती ओठांनी बघते. त्यातून कागद म्हणजे काय? वनस्पतींच्या तंतूंतले सेल्युलोज. शेळीच्या जठराच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात असंख्य सूक्ष्मजीव असतात आणि त्यांना सेल्युलोजचे विघटन करता येते. तुमच्या-माझ्या पोटाला जे जमत नाही ते तिच्या पोटाला जमते. पण नकाशाची शाई, गुळगुळीत लेप आणि प्लॅस्टिकची किनार मात्र पचत नाही. प्लॅस्टिक पोटात साठून जनावरे मरतात, हे लक्षात ठेवा.

एका मुलाची वही

राहिल्या कोंबड्या. त्यांची गोष्ट मुद्दाम शेवटी ठेवली आहे, कारण ती तुमच्यापेक्षाही लहान असलेल्या एका मुलाची आहे.

नॉर्वेमध्ये थोर्लेफ श्येल्डेरुप-एब्बे नावाचा एक मुलगा होता. सहाव्या वर्षापासूनच त्याला कोंबड्या पाहण्याचा नाद लागला. तो नुसता पाहत नसे. पुढे त्याने वही केली. कोणत्या कोंबडीने कोणत्या कोंबडीला चोच मारली, कोण आधी दाण्यापाशी गेली, कोण बाजूला सरली, हे तो लिहून ठेवू लागला. प्रत्येक कोंबडी त्याला चेहऱ्याने ओळखू येत असे. वर्षानुवर्षांच्या नोंदींतून त्याला एक नियम दिसला. कोंबड्या उगाच भांडत नाहीत. कळपात एक उतरंड असते. सर्वांत वरची कोंबडी कोणालाही टोचू शकते. दुसरी तिला सोडून बाकीच्यांना टोचते. सर्वांत खालची कोणालाच टोचत नाही, फक्त टोचून घेते. एकदा हा क्रम ठरला, की भांडणे कमी होतात, कारण जिला तिला आपली पायरी माहीत असते. मोठेपणी, १९२० नंतरच्या काही वर्षांत, त्याने हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. 'टोचण्याचा क्रम' ही कल्पना आज प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते.

आता कळले, आपल्या वर्गातल्या कोंबड्या का भांडल्या? त्या दोन घरांतून आलेल्या होत्या. त्यांच्यातली उतरंड ठरलेलीच नव्हती, ती शेवटच्या बाकाखाली ठरत होती!

आणि हेही पाहा, की या मुलाने कोंबड्या कुठे नेल्या नाहीत. त्या आपल्या अंगणातच राहिल्या. तो त्यांच्याजवळ गेला, आणि पाहत राहिला. अस्वलाला झगा घालणे आणि कोंबड्यांची वही ठेवणे, यांतला फरक हाच आहे.

वर्गात झोपमोड

युरोप-अमेरिकेतल्या पुष्कळ शाळांत वर्गाचा म्हणून एक प्राणी ठेवतात. त्यात हॅम्स्टर हा उंदराच्या नात्यातला गुबगुबीत प्राणी फार लोकप्रिय आहे. आता तो आपल्याकडच्या शहरांतल्या दुकानांतही दिसतो. त्याची कुळकथा चमत्कारिक आहे. १९३० साली जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील प्राणिशास्त्रज्ञ इझ्राएल अहरोनी यांनी सीरियातील अलेप्पोजवळ शेतातले एक बीळ खणवले. त्यात एक मादी आणि तिची ११ पिल्ले सापडली. त्यांतली काही मेली, काही पळाली. उरलेल्या मोजक्या भावंडांपासून प्रयोगशाळेत वंश वाढवला गेला. आज जगभर पाळले जाणारे बहुतेक सगळे सोनेरी हॅम्स्टर त्या एका बिळातले वंशज आहेत. घरोघरी ते इतके झाले, पण सीरिया-तुर्कस्तानच्या सरहद्दीवरच्या शेतांतला रानटी हॅम्स्टर मात्र आता धोक्यात आलेल्या प्राण्यांत मोडतो.

पण आपला मुद्दा वेगळा आहे. पिंजऱ्यातला हॅम्स्टर दिवसा झोपतो आणि रात्री जागा असतो. मोठा झालेला हॅम्स्टर एकटाच राहतो. दोघांना एकत्र ठेवले तर ते जिवावर उठतात. आता शाळेची वेळ आठवा. अकरा ते पाच. म्हणजे ऐन झोपेत मुले त्याला उचलतात, पिंजऱ्यावर टिचक्या मारतात, आणि मग तो चावला की म्हणतात, "किती तापट आहे!" तुम्हाला कोणी रात्री दोन वाजता गदागदा हलवून उठवले आणि वर कौतुकाने गाल ओढले, तर तुम्ही काय कराल?

आणि शाळा सुटल्यावर काय? शनिवार-रविवारी? दिवाळीच्या सुटीत? प्रयोगशाळेतली माशांची टाकी सुटीनंतर कशी दिसते, हे अनेक शिक्षकांनी पाहिले असेल. सुटीला जाताना कोणीतरी मायेने नेहमीच्या चौपट खाणे टाकून जाते. मासे तेवढे खात नाहीत. उरलेले खाणे तळाशी कुजते. कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपत जातो आणि अमोनिया वाढतो. परत आल्यावर पाणी गढूळ झालेले असते आणि मासे उलटे तरंगत असतात. ते बहुधा उपासाने मेलेले नसतात. आपल्या मायेने मेलेले असतात. निरोगी मोठे मासे थोडे दिवस खाण्यावाचून काढू शकतात, पण घाण पाण्यात काढू शकत नाहीत. कोणाची पाळी कोणत्या दिवशी, हे कागदावर लिहिलेले नसेल तर शाळेने प्राणी ठेवू नये.

दोन गोष्टी सक्तीच्या

आतापर्यंत आपण प्राण्यांच्या बाजूने बोललो. आता दोन गोष्टी अशा, की ज्यांत मतभेदाला जागा नाही.

पहिली आरोग्याची. अमेरिकेत एके काळी मुलांना लहान लहान कासवे खेळण्यासारखी विकत मिळत. या कासवांच्या अंगावर आणि विष्ठेत साल्मोनेला नावाचे जीवाणू असत. कासव ठणठणीत दिसे, पण ते हाताळून तेच हात तोंडात घालणारी मुले जुलाब आणि तापाने आजारी पडत. अखेर १९७५ साली तिथल्या सरकारने सुमारे १० सेंटीमीटरहून लहान कवचाच्या कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. म्हणून कोणताही प्राणी हाताळल्यावर साबणाने हात धुवा, आणि डबा खाण्याच्या जागी प्राणी आणू नका. कुत्रा किंवा मांजर चावले, ओरखडले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. घरी रागावतील म्हणून लपवू नका. रेबीज या रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली, की मग माणूस वाचणे जवळजवळ अशक्य असते. पण वेळेवर लस घेतली तर तो टाळता येतो.

दुसरी गोष्ट कायद्याची. "हजर, बाई!" म्हणणाऱ्या पोपटाला आपण हसलो. पण आपल्या रानातला हिरवा पोपट पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ साली झाला, आणि पोपट, मुनिया, डोंगरी मैना, पाठीवर तारे असलेले तारा कासव हे सगळे त्याच्या संरक्षणाखाली येतात. कारण साधे आहे. बाजारात एक पोपट येतो, तेव्हा त्याच्या मागे ढोलीतून ओढून काढलेली आणि वाटेतच मेलेली पिल्ले असतात. आपल्या राज्यघटनेतही १९७६ साली नागरिकांची मूलभूत कर्तव्ये घातली गेली. त्यांत प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे एक कर्तव्य आहे.

घरी आधीपासून पोपट असेल तर घाईने पिंजरा उघडू नका. पंख छाटलेला, वर्षानुवर्षे हातचे खाल्लेला पोपट बाहेर जगेलच असे नाही. वनविभागाला कळवून त्यांच्या सल्ल्याने वागा. परदेशी प्राण्यांचे तर याहून वेगळे. दुकानातले लाल कानाचे अमेरिकन कासव कंटाळा आला म्हणून तळ्यात सोडणे ही दया नव्हे. ते तिथे वाढते आणि आपल्या देशी कासवांच्या तोंडचा घास पळवते. जो प्राणी जिथला आहे, तिथेच त्याला सोडता येते.

मग शाळेत कोणाला बोलवावे?

एवढे वाचून तुम्ही म्हणाल, "म्हणजे शाळेत प्राणी आणूच नये की काय?" आणावा! पण असा पाहुणा बोलवावा, की ज्याची सगळी गरज तुम्ही शाळेतच भागवू शकाल, जो थोडेच दिवस राहील आणि काम झाल्यावर स्वतःच्या घरी परत जाऊ शकेल. असा पाहुणा शाळेच्या आवारातल्या लिंबाच्या किंवा कढीपत्त्याच्या झाडावर बहुधा तुमची वाट पाहत असतो. तो म्हणजे लिंबावरच्या फुलपाखराची अळी. महाराष्ट्राने २०१५ साली ब्लू मॉरमॉन या देखण्या फुलपाखराला राज्य फुलपाखराचा मान दिला. त्याच्या अळ्याही लिंबाच्या कुळातल्या झाडांवरच वाढतात. आपला पाहुणा त्याचा जवळचा नातलग आहे.

कोवळ्या पानांवर मोहरीच्या दाण्याएवढी फिकट पिवळी, गोल, सुटी सुटी अंडी शोधा. किंवा पक्ष्याची शीट पडल्यासारखी दिसणारी काळपट-पांढरी बारीक अळी शोधा. तिचे सोंग असे बेमालूम असते, की पहिल्या खेपेला ती सापडली तर स्वतःची पाठ थोपटून घ्यायला हरकत नाही. सापडली की पुढीलप्रमाणे करा.

१. अळीला बोटांनी उचलू नका. ती ज्या पानावर आहे ते पान डहाळीसकट आणा. एका वर्गाला दोन अळ्या पुरेत.

२. डहाळी पाण्याच्या लहान बाटलीत ठेवा आणि बाटलीच्या तोंडाशी कापूस घट्ट बसवा, नाहीतर अळी पाण्यात पडून बुडेल. हे सर्व एका मोठ्या खोक्यात ठेवून वर मच्छरदाणीचे कापड बांधा. खोके उन्हात ठेवू नका.

३. रोज ताजी पाने द्या. ती औषध न फवारलेल्या झाडाचीच हवीत. बाजारातला कढीपत्ता चालणार नाही. त्यावर फवारा असेल तर अळी मरेल. खोक्यातली विष्ठा रोज झाडून काढा.

४. पान देण्यापूर्वी ते आलेख कागदावर ठेवून त्याची कडा पेन्सिलीने आखा. दुसऱ्या दिवशी उरलेले पान त्याच आकृतीवर ठेवा आणि खाल्लेल्या भागात मिलिमीटरचे किती चौकोन येतात ते मोजा. शंभर चौकोन म्हणजे एक चौरस सेंटीमीटर. अळीची लांबीही रोज मोजा, पण तिला हात न लावता, पट्टी शेजारी धरून.

५. वहीत रकाने पाडा : तारीख, वेळ, लांबी, खाल्लेले पान, रंग, विशेष नोंद.

आठवडाभराने खाल्लेल्या पानाचा आलेख काढा. सुरुवातीला तो जवळजवळ आडवा असेल आणि शेवटी एकदम उभा चढेल. अळी आयुष्यात जे खाते, त्यातला बहुतेक भाग ती शेवटच्या टप्प्यात खाते. दरम्यान ती चार वेळा कात टाकेल. शेवटची कात टाकली, की शिटेचे सोंग संपेल आणि ती पानासारखी हिरवीगार होईल. काडीने तिला किंचित डिवचले तर डोक्यामागून नारिंगी रंगाचे दुभंगलेले शिंग बाहेर येते आणि उग्र वास सुटतो. भक्ष्यकांना पळवून लावण्याचे तिचे हे शस्त्र आहे. एकदा पाहा, पुन्हा पुन्हा मुद्दाम डिवचू नका.

मग एके दिवशी ती खाणे थांबवेल, पातळ विष्ठा टाकेल आणि अस्वस्थपणे फिरू लागेल. घाबरू नका. ती कोष करायला जागा शोधत असते. खोक्यात एक-दोन उभ्या काड्या ठेवा. ती रेशमी धाग्याचा पट्टा कमरेभोवती बांधून काडीला टेकून बसेल. कोष हिरवा होतो की तपकिरी, आणि ज्या काडीवर तो आहे तिचा रंग कोणता, हे लिहून ठेवा. दोन वर्गांनी नोंदी जुळवून पाहिल्या तर फार मजा येईल. आठ-दहा दिवसांनी, बहुधा सकाळी, कोष फाटून फुलपाखरू बाहेर येते. त्याचे पंख तेव्हा ओल्या फडक्यासारखे चुरगळलेले असतात. ते लोंबकळत राहून पंखांच्या शिरांत द्रव भरते आणि पंख ताठ करते. या वेळी कोणी मदत म्हणून पंख ओढले, तर ते फुलपाखरू कधीच उडणार नाही. आपण फक्त पाहायचे.

कधी कोषातून फुलपाखराऐवजी बारीक माशीसारखे कीटक निघतात. या परजीवी गांधीलमाश्या. त्यांनी आधीच त्यात अंडी घातलेली असतात. तेव्हा हिरमुसू नका, तेही लिहून ठेवा. लिंबाच्या बागाईतदाराला विचारलेत, तर तो त्यांना मित्र म्हणेल. कारण त्याच्या दृष्टीने आपली ही लाडकी अळी म्हणजे झाडावरची कीड!

परतीचा दिवस

पंख वाळले की खोक्याचे कापड काढा आणि खोके त्याच झाडापाशी नेऊन ठेवा. थोडा वेळ फुलपाखरू तसेच बसून राहील. मग ते उडेल. त्या दिवशी सगळ्या वर्गाला थोडे चुकल्यासारखे वाटते. त्यात लाजण्यासारखे काही नाही. महिनाभर ज्याच्यासाठी पाने आणली, ज्याची विष्ठा झाडली, ज्याचे जेवण चौकोन मोजून लिहिले, ते गेले की असे वाटणारच. पण ते मेले म्हणून गेलेले नसते, मोठे झाले म्हणून गेलेले असते. माशांच्या टाकीसमोर जे वाटते, त्याहून हे फार निराळे आहे.

ते पुन्हा येण्याचाही संभव आहे. ती मादी असेल, तर ती अंडी घालायला लिंबाचे, कढीपत्त्याचे झाडच शोधील. कदाचित तुमच्याच शाळेचे. तेव्हा पाने जरा उलटून पाहत जा.

पुढच्या पावसाळ्यात हा प्रयोग तुमच्या वर्गाने करून पाहावा. आलेख नीट काढा, नोंदी खऱ्या लिहा, जमले नाही तर का जमले नाही तेही लिहा आणि आम्हाला पाठवा. फक्त एक विनंती आहे. कोणी करडू आणणार असेलच, तर आधी भिंतीवरचा नकाशा काढून ठेवा!